एका गाडीला किती कापूस?

मार्च 2022 मध्ये फ्लोरिडातल्या अमेलिया आयलंडला 1937 सालच्या एका फ्रेंच मोटारीचा लिलाव झाला. टॅल्बो-लागो टी 150-सी एसएस. बोली थांबली, कमिशन मिळवलं आणि किंमत झाली 1 कोटी 34 लाख 25 हजार डॉलर. लिलावात फ्रेंच गाडीला तोवर एवढे पैसे कधी मिळाले नव्हते. तेव्हाच्या दराने हे 100 कोटी रुपयांच्या थोडं वरच जातं. वरचे दोन-अडीच कोटी हिशेबाच्या सोयीसाठी सोडून देऊ. (असं सहज लिहिता येतं, हीच या आकड्यांची गंमत.)

100 कोटी म्हणजे किती, हे यवतमाळात कापसातच मोजावं लागतं. लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. भागाकार केला की सुमारे 1 लाख 23 हजार क्विंटल होतात. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरू. पाऊस आणि बोंडअळी दोघांनी मेहेरबानी केली तर. तरी 24,600 एकर लागतात. म्हणजे दहा किलोमीटर लांब, दहा रुंद असं सलग वावर, मध्ये ना धुरा, ना नाला.

हा माल एका बंडीत दहा क्विंटल असा भरला, तर 12,300 बंड्या. बैलांसकट आणि मधल्या मोकळ्या जागेसकट एकीला नऊ मीटर दिले, की रांग 110 किलोमीटरची. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणाऱ्या शकुंतला रेल्वेच्या लाइनची लांबी होती 113 किलोमीटर. इंग्रज कंपनीने ती लाइन टाकली तीही कापसासाठीच.

पण मला खरा आकडा वाटतो तो वेचणीचा. बोंडात चार ग्रॅम कापूस धरला, तर 300 कोटींहून जास्त बोंडं हाताने वेचायची. दिवसाला 40 किलो वेचणारी बाई घेतली, तर तीन लाख सात हजार दिवस. एकटीनेच आणि एकही खाडा न करता वेचायचा म्हटला, तर 842 वर्षं! देवगिरीला यादवांची राजधानी होत होती त्या सुमारास ओटी बांधून वावरात उतरलेली बाई आत्ता कुठे घरी परतली असती.

आणि गाडी घडायला किती वेळ लागला? पत्रा हाताने ठोकून तिची ती थेंबाच्या आकाराची बॉडी करायला फिगोनी-फालास्कीच्या कारखान्यात 2,100 तास लागत, असं सांगतात. आपल्या वेचणीचे तास आठ तासांच्या दिवसाने साडेचोवीस लाखांवर जातात, जवळजवळ 1,170 पट. पॅरिसच्या त्या कारागिरांनाही यातलं काही मिळालं नाही, हे खरंच. त्यांची मजुरी 1937 मध्येच चुकती झाली होती. इंजिन सहा सिलिंडरचं, चार लिटरचं, साधारण 140 अश्वशक्तीचं. त्याच जातीच्या गाडीने 1938 च्या ल माँ शर्यतीत तिसरा नंबर काढला होता.

समजा, कोणी ती यवतमाळला आणलीच. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नाशी ओलांडलेल्या अशा गाडीची नव्याने नोंदणी करायला 20,000 रुपये, म्हणजे अडीच क्विंटल कापूस. नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं येतील, इथल्या आरटीओचा 29 नाही. रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, अशा मोजक्या कामांनाच परवानगी.