वंशद्वेषी संघटना आणि व्यक्तिसंवाद

वंशद्वेषी संघटना आणि व्यक्तिसंवाद : वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेवर उभारलेल्या संघटनेच्या सभासदांशी, त्यांच्या द्वेषाचे लक्ष्य ठरलेल्या समाजातील व्यक्तींनी प्रत्यक्ष संभाषण करून त्यांचे मतपरिवर्तन घडविण्याचा प्रयत्न. ह्याची ठळक उदाहरणे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कू क्लक्स क्लॅन ह्या संघटनेच्या संदर्भात आढळतात. यादवी युद्धानंतर टेनेसी राज्यातील पुलास्की येथे स्थापन झालेल्या व १९१५ मध्ये पुनरुज्जीवित झालेल्या ह्या गुप्त संघटनेने कृष्णवर्णीयांवर दीर्घकाळ दहशत बसविली.

नॉर्थ कॅरोलायनातील डरॅम शहरात शाळांतील वर्णविभक्ती न्यायालयाच्या आदेशाने संपुष्टात येत असताना, जुलै १९७१ मध्ये दहा दिवसांची जाहीर चर्चासभा भरविण्यात आली. संयोजक बिल रिडिक ह्याने क्लॅनच्या स्थानिक शाखेचा प्रमुख सी. पी. एलिस (१९२७–२००५) आणि कृष्णवर्णीय कार्यकर्ती ॲन ॲटवॉटर (१९३५–२०१६) ह्या कट्टर विरोधकांना तिचे सहअध्यक्ष नेमले. दोघेही दरिद्री होते आणि दोघांच्याही मुलांना शाळेत अवहेलना सोसावी लागत होती. ह्या समान दुःखाची जाणीव होताच त्यांच्यातील वैर निवळू लागले. सभेच्या अखेरीस एलिसने क्लॅनचे सभासदपत्र सर्वांसमक्ष फाडले. पुढे तो कामगार संघटनेचा कार्यकर्ता झाला. ॲटवॉटरशी त्याचा स्नेह आमरण टिकला.

कृष्णवर्णीय पियानोवादक डॅरिल डेव्हिस (१९५८– ) ह्याने क्लॅनच्या सभासदांना व्यक्तिशः गाठून त्यांच्याशी अनेक वर्षे मैत्रीचे संबंध राखले. मेरिलंडमधील क्लॅनचा नेता रॉजर केली ह्याने संघटना सोडल्यावर आपला झगा त्याच्या स्वाधीन केला.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट ह्याने द नेचर ऑफ प्रेज्युडिस (१९५४) ह्या ग्रंथात ह्या प्रक्रियेची तात्त्विक मीमांसा केली आहे. त्याच्या मते, केवळ सहवासाने पूर्वग्रह नष्ट होत नाहीत. त्यासाठी समान दर्जा, समान उद्दिष्ट, परस्परसहकार्य आणि कायद्याचे वा अधिकारसंस्थेचे पाठबळ ह्या गोष्टी आवश्यक असतात. डरॅम येथे ह्या अटी बऱ्याच अंशी पूर्ण झाल्या होत्या.

ह्या मार्गाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. द्वेष करणाऱ्याला सुधारण्याचा भार त्यात द्वेषाला बळी पडणाऱ्यावरच येतो, असा आक्षेप घेतला जातो. शिवाय एखादा सभासद बाहेर पडला, तरी संघटना टिकून राहू शकते. अलाबामातील मोबील येथे १९८१ मध्ये एका कृष्णवर्णीय तरुणाची क्लॅनच्या सभासदांनी हत्या केली. ह्या प्रकरणी १९८७ मध्ये ज्यूरीने ७० लक्ष डॉलरची नुकसानभरपाई ठरविल्यावर युनायटेड क्लॅन्स ऑफ अमेरिका ही संघटना मोडकळीस आली. संघटनेचे बळ कायद्याने मोडता येते; तिच्यातील माणसाला परत आणण्याचे कार्य मात्र संवादच करू शकतो. म्हणून हे दोन मार्ग परस्परांना पर्याय नसून पूरक ठरतात.