डोळ्यातला दाब मोजणारा सेन्सर आणि आपली शिबिरे

भीमजयंतीच्या निमित्ताने आपण विहारात आरोग्य शिबिरे घेतो. चष्म्याचा नंबर काढला जातो, मोतीबिंदू पाहिला जातो. काचबिंदू मात्र बऱ्याचदा राहून जातो. "पिकला की काढू" म्हणत थांबलेली वडीलधारी मंडळी आम्हाला नेहमी भेटतात. पण हे दोन आजार वेगळे आहेत. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत मिळू शकते, काचबिंदूने गेलेली परत येत नाही.

डोळ्यात सतत द्रव तयार होतो आणि त्याचा निचरा होतो. निचरा अडला की दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू निकामी होते. बहुतेकांना काहीच दुखत नाही. आधी कडेची नजर जाते, म्हणून लवकर कळतही नाही.

साधारण दाब १० ते २१ मिलिमीटर पारा इतका मानतात. तो दिवसभर बदलतो. अनेकांत रात्री किंवा पहाटे जास्त असतो. दवाखान्यात मात्र काही महिन्यांतून एकदा, तेही दिवसा मोजला जातो.

यावर जर्मनीत 'आयमेट' नावाचा सेन्सर तयार झाला. त्याच्या एका प्रकारात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेवेळी बारीक कडे बुबुळामागे बसवतात. त्यात बॅटरी नसते. हातातले यंत्र डोळ्याजवळ धरले की त्यातूनच वीज मिळते आणि दाबाचा आकडा यंत्रावर येतो. रुग्ण घरीच, हवा तेव्हा दाब मोजू शकतो. हा उपचार नव्हे, फक्त मोजमाप आहे. थेंब घालावेच लागतात.

प्रश्न असा, की हे कोणापर्यंत पोहोचणार? दाब मोजायला जाण्यासाठी ज्यांची रोजंदारी बुडते, त्यांनाच घरच्या मोजमापाची गरज सर्वात जास्त. नवे तंत्रज्ञान त्यांच्याकडेच सर्वात शेवटी येते. म्हणून सरकारी रुग्णालयांत अशा सोयी याव्यात, ही मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

तोवर हातातले काम करू. पुढच्या शिबिरात डोळ्याचा दाब आणि नस तपासण्याचा आग्रह धरू. चाळिशी ओलांडलेले आणि घरात कुणाला काचबिंदू असलेले आधी तपासू. मेडिकलमधून स्वतःच आणलेले स्टेरॉइडचे थेंब दाब वाढवू शकतात, हे वस्तीत सांगू. आणि ज्यांचे थेंब सुरू आहेत, ते बंद पडू नयेत म्हणून त्यांच्या घरी जाऊ.

जय भीम!