टाकी पाच फुटी, खिसा दोन इंची

मासा पाण्यात राहतो, हे शाळेतले पोरही सांगेल. पण बंद टाकीतला मासा ज्या पाण्यात जेवतो त्याच पाण्यात मलमूत्र विसर्जनही करतो, ही गोष्ट टाकीपुढे उभे राहून कौतुक करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. नदीत, तळ्यात निसर्ग ही घाण निस्तरतो. काचेच्या चार भिंतींत ती सोय माणसालाच करावी लागते. ती सोय म्हणजे फिल्टर.

मी कला शाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. पण गेल्या वर्षी मामांची बदली झाली आणि त्यांची पाच फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच टाकी आठ गोल्डफिशसह आमच्या घरी मुक्कामाला आली. तिचा फिल्टर बंद पडलेला होता. एका घनफुटात सुमारे 28 लिटर पाणी मावते, म्हणजे ही टाकी साडेपाचशे लिटरांची. ती काठोकाठ भरत नाहीत म्हणून पाचशे धरू. दुकानदाराने दाखवलेल्या परदेशी फिल्टरची किंमत ऐकून वडिलांनी चष्मा काढून पुसला आणि आईने विजेच्या बिलाचा प्रश्न काढला. मासे तर फार दिवस थांबणारे नव्हते. तेव्हा थोडक्या पैशांत काय साधते याचा शोध घेणे भाग पडले. तो इतरांच्याही उपयोगी पडावा, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम एक समज दूर केला पाहिजे. फिल्टर म्हणजे चहाची गाळणी नव्हे. कचरा अडवणे हे त्याचे दुय्यम काम. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. विष्ठा व उरलेले खाद्य कुजूनही तो तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पाणी आरशासारखे नितळ असूनही त्यात मासा मरू शकतो. काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बरेच सौम्य असते आणि पाणी बदलून काढून टाकता येते. सर्गेई विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास मातीतल्या अशा जिवाणूंचा उलगडा केला. शेताला नायट्रेट पुरवणारी हीच प्रक्रिया आपल्या टाकीतले मासे जगवते.

तात्पर्य, फिल्टर हे या जिवाणूंचे बिऱ्हाड आहे. त्यांना तीनच गोष्टी लागतात: चिकटायला पृष्ठभाग, भरपूर प्राणवायू आणि सतत वाहते पाणी. पृष्ठभागाचे गणित मोठे गमतीचे आहे. एक फूट बाजूच्या घनाकृती ठोकळ्याला सहा चौरस फूट पृष्ठभाग असतो. त्याच ठोकळ्याचे एकेक इंचाचे तुकडे केले की तो 72 चौरस फूट होतो. स्पंज, जाळी किंवा सच्छिद्र दगड यांत याहून कितीतरी अधिक जागा दडलेली असते. ही जागा विकत घ्यायला कंपनीचा शिक्का लागत नाही.

आता बाजारातले प्रकार पाहू. वाळूखालचा जाळीचा फिल्टर स्वस्त खरा, पण त्यात गाळ साचतो आणि गोल्डफिश वाळू उकरतात. बंद डब्याचा कॅनिस्टर उत्तम काम करतो, परंतु महाग. टाकीखाली दुसरी टाकी ठेवून केलेला संप मोठ्या टाकीला फार चांगला. मात्र त्याला जागा लागते आणि पाणी खाली नेण्याची व्यवस्था बिनचूक असावी लागते. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर सर्वांत स्वस्त, पण पाण्यातला कचरा ओढण्यात तो कमी पडतो.

आम्ही जोड जमवली. टाकीत दोन मोठे स्पंज फिल्टर सोडले. टाकीशेजारी उंच मांडणीवर झाकणाची बादली ठेवली आणि तिच्यात भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या नव्या घासण्या भरल्या. तारेच्या घासण्या वापरू नयेत, त्या गंजतात. पंप पाणी बादलीत चढवतो, ते घासण्यांवरून झिरपत पुन्हा टाकीत पडते. बाहेर पडणारी नळी चढणाऱ्या नळीच्या दुप्पट-तिप्पट रुंद ठेवली आणि ती तुंबलीच तर जादा पाणी टाकीतच पडावे म्हणून वर दुसरे भोक पाडले. पंप ताशी दीड ते दोन हजार लिटरांचा पुरतो; मात्र उंचीवर पाणी चढवताना खोक्यावरचा आकडा घटतो, हे लक्षात ठेवावे.

आईच्या प्रश्नाचे उत्तर असे. पंप 25 वॉटचा व हवेचा पंप 10 वॉटचा, मिळून 35. चोवीस तास, तीस दिवस चालवले तर महिन्याला सुमारे 25 युनिट. म्हणजे विजेत फारशी बचत नाही. बचत झाली ती खरेदीत.

पण खरी कसोटी वीज गेल्यावर लागते. आमच्याकडे पावसाळ्यात ती तासन्‌तास जाते. बंद कॅनिस्टरमधल्या थांबलेल्या पाण्यातला प्राणवायू जिवाणू थोड्याच वेळात संपवतात, गुदमरून मरतात, आणि वीज येताच ते कुजके पाणी टाकीत उतरते. बादलीतल्या ओल्या घासण्यांना मात्र हवा मिळत राहते. स्पंज टाकीतच असतात. त्यांना बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप पुरतो. उन्हाळ्यात याचे मोल अधिक. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच.

नव्या फिल्टरमध्ये जिवाणूंची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. एका ओळखीच्यांच्या चालू टाकीतला जुना स्पंज आणून आम्ही त्याचे विरजण लावले, खाद्य निम्मे केले आणि दर दोन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदलले. आठही मासे तगले. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांना घातक, तसेच जिवाणूंनाही.

तेव्हा दुकानात जाताना पैशांबरोबर तीन प्रश्न घेऊन जावे. यात जिवाणूंना जागा किती? महिन्याला युनिट किती? आणि वीज गेली तर काय? तिसऱ्या प्रश्नाला दुकानदार गप्प बसला, तर किंमत विचारण्याची घाई करू नये.