डोके वाचवायचे तर पाऊल सांभाळा

१८ नोव्हेंबर १९८५ रोजी वॉशिंग्टन शहरात अमेरिकन फुटबॉलचा सामना सुरू होता. प्रतिस्पर्ध्यांनी पाडल्यावर जो थाइसमन या क्वार्टरबॅकच्या उजव्या पायाची, गुडघ्याखालची दोन्ही हाडे मोडली. त्याची कारकीर्द तिथेच संपली.

चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे लक्ष दूरच्या साथीदाराकडे असते. त्याच्यावर चाल करून येणाऱ्यांना अडवतात ते पाच लाइनमन. यांतील बहुतेकांचे वजन १३५ किलोंच्या पुढे असते; पण नुसते वजन पुरत नाही. प्रतिस्पर्धी समोर धावत येतो, यांना मात्र मागे सरकत त्याला थोपवायचे असते. आणि मागे सरकतानाच तोल पटकन जातो.

यावरचा उपाय म्हणजे ‘किक स्लाइड’. डाव्या टोकाचा खेळाडू उजव्या पायाने जमीन रेटतो, डावे पाऊल मागे टाकतो आणि उजवे पाऊल जमिनीलगत तेवढेच सरकवतो. पावले छोटी असतात. दोन्ही पायांत साधारण खांद्याएवढे अंतर राखले जाते. पाय जुळवायचे नाहीत, एकमेकांवरून टाकायचे नाहीत.

शरीराचा गुरुत्वमध्य दोन पावलांमधल्या जागेवर असेपर्यंत माणूस तोल सांभाळतो. पाय जुळले की ही जागा अरुंद होते आणि बाजूने बसलेला छोटा धक्काही आडवा करतो. गुडघे वाकवून बसकण घेतली की गुरुत्वमध्य खाली येतो, मांड्या व नितंबांचे मोठे स्नायू भार पेलतात. मात्र गुडघ्यांऐवजी कमरेत वाकले, की भार चवड्यांपुढे जातो आणि खेळाडू तोंडघशी पडतो.

धोका एवढ्यावरच थांबत नाही. पाऊल वेळेवर पोहोचले नाही, की खेळाडू पुढे झुकतो आणि हातांआधी डोके आदळते. पिट्सबर्ग संघाचा नामवंत सेंटर माइक वेबस्टर २००२ मध्ये पन्नासाव्या वर्षी वारला. डॉ. बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत वारंवारच्या आघातांशी जोडला जाणारा ‘सीटीई’ हा आजार आढळला. त्याचा अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. हेल्मेट कवटी वाचवते, पण आत हिंदकळणारा मेंदू त्याला रोखता येत नाही.

चांगल्या पदन्यासाने हे आघात पूर्ण टळत नाहीत. पण पाय जागेवर असतील, तर धक्का हातांवर झेलून जमिनीत उतरवता येतो. त्यामुळे कोवळ्या वयाच्या खेळाडूला ताकदीआधी पाऊल शिकवणे, हा मेंदूच्या आरोग्याचाही धडा ठरतो.