बाळाच्या ताटाला आडोसा कशाला?

चतुर्थीसाठी मुंबईहून इब्रामपूरला आपल्या मूळ घरी निघालेल्या एका कुटुंबाची हकीकत आमच्या कानी आली आहे. वाटेतल्या एका खाणावळीत मंडळी न्याहारीला उतरली. चार महिन्यांचे तान्हे भुकेने रडू लागले, तेव्हा त्याच्या आईने कोपऱ्यातल्या बाकावर बसून, पदर ओढून घेऊन त्याला छातीशी धरले. एवढ्यात मालकाचा माणूस आला आणि इतर गिऱ्हाइकांना हे बरे दिसत नाही, तेव्हा मुलाला घेऊन स्वच्छतागृहात जावे, असे त्याने सुचविले. मुलाचा बाप ओशाळून गप्प राहिला. बोलल्या त्या सासूबाई. आम्ही सारे येथे बसून खातो आहोत, मग माझ्या नातवानेच तेवढे संडासात जाऊन जेवावे काय, असा त्यांचा सवाल होता. त्या माणसापाशी उत्तर नव्हते. आपल्या समाजापाशी तरी ते आहे काय?

या शरमेचे वय फार नाही. पेडणे-डिचोलीच्या मुलखात लावणीच्या दिवसांत चिखलातून बाहेर येऊन, शेताच्या मेरेवर बसून लेकरास पाजणारी बाई कोणी पाहिली नाही? जत्रेच्या गर्दीत, देवळाच्या पायरीवर, बसच्या बाकावर आमच्या आया-आज्यांनी मुले पाजली आणि त्यात पाहण्यासारखे काही आहे असे कोणाच्या मनातही आले नाही. गावोगाव सातेरी पूजणारा आणि देवीला माऊली म्हणून हाक मारणारा हा मुलूख. त्याने घरच्या माऊलीला आडोशाला पिटाळावे, याहून मोठी विसंगती कोणती?

प्रश्न केवळ मानापमानाचा नाही. नवजात बालकास दिवसारात्रीत आठ ते बारा वेळा पाजावे लागते. मुंबईहून पेडण्याकडे येणारा प्रवास दहा-बारा तासांचा धरला, तर वाटेत चार-पाच वेळा तरी त्या आईला कोठेतरी टेकावेच लागणार. पहिले सहा महिने बालकास केवळ आईचे दूध द्यावे, भर उन्हाळ्यातही वर पाण्याची गरज नाही आणि पुढे पूरक आहारासोबत दोन वर्षे व त्यानंतरही स्तनपान चालू ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाजण्याच्या वेळा वरचेवर चुकल्या, तर छाती दाटून आईला दुखणे येते आणि हळूहळू दूधही कमी होते. लोकांच्या नजरेला भिऊन जी आई प्रवासात बाटली जवळ करते, तिच्या हाती मग नीट न उकळलेली बाटली आणि कोठले तरी पाणी येते. जुलाबाने बेजार झालेले मूल घेऊन घरी पोचण्यात कोणती सभ्यता राखली गेली?

डब्यातल्या दुधाच्या भुलावणीविरुद्ध जगाने १९८१ साली आचारसंहिता केली. भारताने १९९२ साली कायदा करून अशा दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातीस बंदी घातली, २००३ साली तो अधिक कडक केला. तरीही २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात सहा महिन्यांखालील शंभरांपैकी सुमारे चौसष्ट बालकांनाच निव्वळ आईचे दूध मिळत होते. कायदा जाहिरात बंद करू शकतो; शेजारच्या बाकावरची कुत्सित नजर बंद करणे त्याच्या हाती नाही.

शेजारच्या महाराष्ट्राने बसस्थानकांवर आणि कचेऱ्यांत हिरकणी कक्ष उघडले, ही स्तुत्य गोष्ट. पण देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपले तान्हे घेऊन अधिवेशनास आल्या, तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये खुद्द मुंबईच्या विधानभवनातील हिरकणी कक्षाच्या धुळीची आणि गैरसोयीची त्यांना जाहीर तक्रार करावी लागली. आमदाराची ही गत, तर आडगावच्या प्रवासी बाईने कोणाकडे पाहावे? रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून जी बाळासाठी कडा उतरली, अशी हिरकणीची आख्यायिका आहे. तिच्याच नावाच्या खोलीला कुलूप लागावे, हा तिचा सन्मान खास नव्हे.

सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्या. नागरत्ना व न्या. वराळे यांच्या पीठाच्या निकालात सार्वजनिक इमारतींत अशा सोयी करण्याविषयी राज्यांना बजावले आहे. इतकेच नव्हे, तर स्त्रियांच्या प्रतिष्ठेस उणेपणा आणणाऱ्या प्रथा सोडणे हे घटनेनेच नागरिकांवर घातलेले कर्तव्य असल्याचे स्मरण देऊन, सार्वजनिक जागी स्तनपानास कलंक मानू नये, असेही म्हटले आहे.

मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पेडण्याच्या रस्त्यांवर परगावच्या कुटुंबांची ये-जा वाढली आहे. पाहुण्यांच्या सरबराईचा आम्हांस अभिमान आहे. तेव्हा पेडणे, म्हापसा, डिचोली, पणजी येथील बसस्थानकांवर असा कक्ष असेल तेथे तो उघडा, स्वच्छ आणि पंख्यासह असावा; नसेल तेथे तो व्हावा. देवस्थान समित्यांनी जत्रेच्या दिवसांत एक सावलीची जागा राखून ठेवावी. यास फार मोठा खर्च येत नाही.

मात्र एक गोष्ट आम्ही स्पष्ट करू इच्छितो. ज्या आईला आडोसा हवा तिला तो मिळाला पाहिजे. पण खोली बांधली म्हणून प्रत्येक आईने तेथेच गेले पाहिजे असा दंडक होता कामा नये. भूक लागलेले बाळ खोली कोठे आहे ते विचारीत नाही. ते रडते, आणि आई त्याला जवळ घेते. अशा वेळी इतरांनी करावयाचे काम अगदी सोपे आहे. बसायला जागा द्यावी, पाण्याचा तांब्या पुढे करावा आणि आपल्या ताटाकडे लक्ष द्यावे. घरच्या पुरुषांनी तर ओशाळून गप्प राहणे सोडावे. इब्रामपूरच्या त्या सासूबाईंना जे उमगले, ते त्यांच्या मुलाला उमगण्यास एवढा वेळ का लागावा?