सायलेन्सर गर्जला, पण गाडी पळाली का?

डिझेल फोर बाय फोर घरात आली की दोन सल्ले फुकट मिळतात, ‘फ्री-फ्लो एक्झॉस्ट टाक’ आणि ‘ऑईल कूलर बसव’. साठवलेले पैसे गॅरेजमध्ये देण्याआधी यातून इंजिनाला काय मिळतं ते समजून घ्या.

शनिवारी सकाळी वडखळला रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं उभं राहून बघा. मुंबईहून अलिबागला आणि कोलाडच्या राफ्टिंगला निघालेल्या थार, गुरखा, स्कॉर्पिओ ओळीने जाताना दिसतील. त्यातली एखादी दिसायच्या आधीच ऐकू येते. पुढच्या चहाच्या टपरीवर तिचा मालक सांगत असतो, ‘‘सायलेन्सर बदलला ना, पिकअप बघ कसला आलाय!’’ पेण आणि रोह्याच्या कॉलेजांत असे किस्से लगेच पसरतात. मग घरच्या गाडीलाही तसंच काहीतरी करायची खुमखुमी येते. हौस असण्यात चूक काहीच नाही. पण हौस म्हणून केलेला खर्च आणि फायद्यासाठी केलेला खर्च यांतला फरक माहीत असलेला बरा.

डिझेलचं गणित वेगळं

‘धूर मोकळा बाहेर पडला की इंजिन मोकळा श्वास घेतं’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते खोटं नाही, अर्धवट आहे. डिझेल इंजिनात हवा बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्तच असते. ताकद किती मिळणार हे मुख्यतः किती डिझेल फवारलं जातं यावर ठरतं, आणि नव्या गाड्यांत ते ठरवतो इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू. तुम्ही नळी मोठी केलीत, पण ईसीयूने डिझेल तेवढंच दिलं, तर जास्तीची ताकद येणार कुठून?

टर्बोचा मुद्दा मात्र खरा आहे. टर्बो हा बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. त्याच्या पुढची नळी मोकळी असली तर तो थोडा लवकर वेग घेतो आणि धुराचं तापमानही काहीसं कमी राहतं. पण हा फरक जाणवतो तो इंजिन पूर्ण भाराखाली, वरच्या आरपीएमवर धावत असताना. २०२० मध्ये आलेल्या थारचं २.२ लिटर डिझेल इंजिन घ्या. त्याची कमाल ताकद, १३० बीएचपी, ३७५० आरपीएमला मिळते. पण ३०० न्यूटन-मीटरचा टॉर्क १६०० ते २८०० आरपीएममध्येच हाती येतो. विळ्याहून ताम्हिणी घाट चढताना किंवा पिंगळसईकडच्या चिखलातून गाडी काढताना तुम्ही याच पट्ट्यात असता. तिथे धूर इतका कमी असतो की कंपनीची नळी त्याला सहज पुरते. म्हणून आवाज वाढला तरी चढ तेवढ्याच वेळात चढला जातो.

घरी टर्बो नसलेली जुनी एमएम ५४० असेल, तर नव्या सायलेन्सरचा फायदा आणखी कमी. अपवाद एकच, आधीचा सायलेन्सर काजळीने चोंदलेला किंवा गंजून आत कोसळलेला असेल तर. आपल्या खाऱ्या, दमट हवेत हे सर्रास होतं. तेव्हा कंपनीचा नवा साधा सायलेन्सर टाकला तरी गाडी हलकी वाटते. पण तो गाडी दुरुस्त झाल्याचा फरक असतो. त्याला अपग्रेड म्हणता येत नाही.

खरी अडचण डीपीएफची

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी पकडणारा डीपीएफ असतो. धुराच्या वाटेतला मोठा अडथळा हाच. त्याच्या मागची नळी आणि सायलेन्सर बदलून त्या अडथळ्याला धक्काही लागत नाही. म्हणून मग काही गॅरेजवाले पुढची पायरी सुचवतात, ‘‘डीपीएफच काढून टाकू, सॉफ्टवेअर आपण करतो.’’

इथे थांबा. डीपीएफ अधूनमधून स्वतःला साफ करतो, साधारण ६०० अंश सेल्सिअसला काजळी जाळून. त्यासाठी गाडी काही वेळ एका लयीत पळावी लागते. घर ते कॉलेज, कॉलेज ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांत ते जमत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. अनेकदा उपाय फुकटचा असतो. मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे हायवेवर पंधरा-वीस मिनिटं सलग गाडी चालवायची. दिवा लागला म्हणून डीपीएफ काढणं हे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखंच.

ऑईल जास्त थंड झालं तर?

ऑईल कूलरच्या बाबतीत सगळ्यांचा तर्क सरळ असतो, थंड ऑईल म्हणजे सुखी इंजिन. पण इंजिन ऑईल गरम असणंच अपेक्षित आहे, साधारण ९० ते ११० अंश. तेवढं तापल्यावरच त्यात शिरलेली पाण्याची वाफ उडून जाते. डीपीएफ साफ होताना काही इंजिनांत जादा डिझेल फवारलं जातं आणि त्यातलं थोडं ऑईलमध्ये उतरतं. ऑईल कायम कोमट राहिलं तर ही भेसळ साचत जाते. वंगण बिघडतं आणि बेअरिंग झिजतात. जुलैच्या पावसात रोहा ते कोलाड एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीला थर्मोस्टॅटशिवाय कूलर लावणं म्हणजे पैसे देऊन दुखणं घेणं.

बहुतेक आधुनिक टर्बो डिझेल इंजिनांत कूलंटवर चालणारा ऑईल कूलर कंपनीनेच दिलेला असतो. तो सुरुवातीला ऑईल लवकर गरम करतो आणि नंतर थंड ठेवतो. बाहेरचा कूलर बसवला की दोन होज आणि चार जोड वाढतात. त्यातला एक जोड कच्च्या रस्त्यावर सुटला तर ऑईल रस्त्यावर सांडतं आणि इंजिन काही क्षणांत जाम. शिवाय रेडिएटरच्या समोर बसवलेला कूलर रेडिएटरचीच हवा अडवतो.

मग फायदा कुणाला?

फायदा होतो, पण ठरावीक गाड्यांना. ईसीयू रिमॅप करून जास्त डिझेल आणि बूस्ट घेणाऱ्या स्पर्धेच्या गाडीला मोठी नळी खरोखर लागते. उन्हाळ्यात तासन्‌तास लो रेंजमध्ये रांगणाऱ्या, ट्रेलर ओढणाऱ्या किंवा कायम ओझं वाहणाऱ्या गाडीला थर्मोस्टॅट असलेला ऑईल कूलर उपयोगी पडतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर अशा कामात आधी गिअरबॉक्सचं ऑईल तापतं, त्यामुळे कूलरचा विचार तिथे आधी करावा.

आता स्वतःची गाडी आठवा. यातलं काय ती रोज करते? गणपतीच्या आधी पेणहून मूर्ती भरून निघणारे पिकअप बघा. खड्ड्यांतून, ट्रॅफिकमध्ये, संथ वेगात, मागे अख्खा हौदा भरलेला. हौसेच्या थारपेक्षा त्यांची रोजची मेहनत कितीतरी जास्त. कंपनीच्या सायलेन्सरवरच ते वर्षानुवर्षं धंदा करतात, कारण त्यांचे मालक ऑईल आणि फिल्टर वेळेवर बदलतात.

एमएच ०६ आणि कायदा

आपल्या गाड्यांवरचा ‘एमएच ०६’ हा पेणच्या आरटीओचा कोड. तिथे गाडी ज्या तपशिलांसह नोंदली गेली, त्याच्याशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुराचे नियम मोडल्यास कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वर लायसन्स तीन महिने अपात्र. बेकायदा बदलासाठी कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेच. मालक म्हणजे बहुतेकदा तुमचे बाबा किंवा काका, हे लक्षात ठेवा. वॉरंटी आणि इन्शुरन्सच्या क्लेमवरही पाणी पडू शकतं.

पैसे लावण्याआधी

• ओबीडी रीडर लावून घाटात कूलंटचं तापमान बघा. तुमच्या गाडीत दिसत असेल तर ऑईलचंही. काटा जागचा हलत नसेल तर जादा कूलरची गरज नाही.

• काटा वर जात असेल तर आधी रेडिएटरच्या जाळीतला चिखल कमी दाबाच्या पाण्याने धुवा. कूलंट, फॅन आणि थर्मोस्टॅट तपासून घ्या.

• पिकअप कमी वाटतोय? एअर फिल्टर, टर्बोचे होज आणि डिझेल फिल्टर बघा. फाटलेला होज बदलल्यावर जो फरक पडतो तो फ्री-फ्लोने पडणार नाही.

• डिपस्टिकवर ऑईलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर त्यात डिझेल उतरतंय. गाडी लगेच सर्व्हिसला न्या.

• तरीही पैसे उरले तर चांगले टायर घ्या, टो-स्ट्रॅप आणि हवा भरायचा छोटा पंप घ्या. चिखलात गाडी अडकते ती बहुधा पकड सुटल्यामुळे, आणि तिथे याच तीन गोष्टी कामाला येतात.