पिल्लू अंड्यात अडकले, तर हात कधी द्यावा?

एकविसाव्या दिवशी कोंबडीच्या अंड्याला टवका जातो, आतून चिवचिव ऐकू येते आणि मग तासन् तास काहीच हालचाल दिसत नाही. घरच्या छोट्या इन्क्युबेटरसमोर बसलेल्या माणसाची बोटे अशा वेळी कवचाकडे वळतातच. ती आवरायला हवीत. पिल्लू आत एक काम उरकत असते. ते पुरे झाले की नाही हे ओळखता आले, तरच आपली मदत जीव वाचवते.

अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिल्लू आतला पडदा फोडून त्या पोकळीत चोच घालते आणि पहिल्यांदा फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते. तोवर त्याला प्राणवायू पुरवते ते कवचाला आतून लागून पसरलेले रक्तवाहिन्यांचे जाळे. पोकळीतली हवा अपुरी पडू लागली, की चोचीवरच्या टणक टोकाने ते कवच टोचते. टवका दिसतो तो हा. त्यानंतर साधारण १२ ते २४ तास ते जवळजवळ स्वस्थ असते. जाळ्यातले रक्त शरीरात परत येते, उरलेला बलक बेंबीवाटे पोटात ओढला जातो. मग ते गोल फिरत कवच कापते आणि झाकण ढकलून बाहेर पडते. या विश्रांतीच्या काळात कवच सोलले, तर रक्तवाहिनी फाटते किंवा बलक बाहेर राहतो. दोन्हींत पिल्लू दगावू शकते.

मदत लागते ती मोजक्या प्रसंगी. टवका पडून २४ तास उलटले आणि पुढे एकही तडा नाही. अर्धे कवच कापून पिल्लू कित्येक तास थांबले आहे. किंवा टवक्यातून दिसणारा पडदा पिवळट, कोरडा होऊन पिसांना चिकटला आहे. बदकाला मात्र कोंबडीपेक्षा जास्त वेळ द्यावा.

आधी हात धुवावेत, खोलीतला पंखा बंद करावा. बोथट चिमटा, कापसाची काडी, कोमट पाणी आणि चांगला उजेड एवढे साहित्य पुरते. सुरुवात टवक्यापासून, रुंद टोकाच्या दिशेने करावी. हवेच्या पोकळीवरचे कवच कणाकणाने काढावे, कारण तिथे रक्तवाहिन्यांची भीती सर्वांत कमी. मग ओल्या काडीने पडदा भिजवावा. नाकपुड्यांत पाणी जाऊ देऊ नये. भिजलेला पडदा पारदर्शक होतो आणि खरे उत्तर तिथे दिसते.

लाल रेषा दिसल्या, तर तिथेच थांबावे. नाकपुड्या मोकळ्या ठेवून अंडे यंत्रात परत ठेवावे आणि काही तासांनी पुन्हा पाहावे. पिल्लू चोच सारखी उघडमीट करत असेल, तर बहुधा बलक अजून शोषला जात आहे. तेव्हाही वाट पाहावी. रक्ताचा थेंब आलाच, तर कोरडा कापूस हलकेच दाबून धरावा आणि काम थांबवावे.

लाल रेषा उरल्या नसतील, तर ओला पडदा चोचीपासून मागे सारत डोके मोकळे करावे. इथे आपले काम संपते. बेंबीकडचा भाग कवचातच राहू द्यावा. तो सर्वांत शेवटी मिटतो. उरलेले कवच पिल्लाने स्वतः पाय झाडून सोडायचे आहे.

बाहेर आलेले पिल्लू पिसे सुकेपर्यंत यंत्रातच ठेवावे. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस सहज काढते, म्हणून दाण्यापाण्यासाठी त्याला ओले असताना बाहेर काढू नये. नंतर सुमारे ३५ अंश सेल्सिअसची ऊब आणि उथळ भांड्यात पाणी द्यावे.

एखादे पिल्लू अडकणे समजण्यासारखे आहे. पण प्रत्येक खेपेला अनेक अडकत असतील, तर दोष उबवणीत शोधावा. तापमान ३७.५ अंशांच्या आसपास आहे ना, अठराव्या दिवसापर्यंत अंडी नियमित फिरवली का, शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर नेली का, हे तपासावे. त्या दिवसांत झाकण वारंवार उघडले की ओलावा निघून जातो आणि पडदा सुकतो. झाकण बंद ठेवण्याचा संयम पाळला, तर चिमटा हाती घेण्याची वेळ क्वचितच येते.